वरच्या मजल्यावरचा स्वीडन

मे महिन्यातल्या टळटळीत दुपारी गच्चीवर उभं राहून "वा, आज काय सुरेख ऊन पडलंय" असं मनापासून म्हणणारा माणूस सबंध मराठवाड्यात एकच झाला असेल, आणि तो नेमका आमच्या डोक्यावर राहत होता. डोक्यावर म्हणजे सिडकोतल्या आमच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. चिकलठाण्याच्या एका कारखान्यातून हे काका तरुणपणी स्वीडनला गेले, तिथंच नोकरीत केस पिकवले आणि काकू वारल्यावर एकटे औरंगाबादला परतले. मुलगा तिकडेच राहिला. काकांनी येताना काय आणलं असेल याची इमारतीत फार उत्सुकता होती. कॅमेरा, टेपरेकॉर्डर, निदान चॉकलेटं. काकांनी आणले होते तिथले सणवार आणि कॉफीची एक काळी किटली.

त्यांच्याकडे जायचं तर आधी ठरवून जावं लागे, आणि तेही आमच्याकडे ठरवूनच येत. एक मजला उतरून यायला हा माणूस सोमवारी विचारी, "गुरुवारी चारला आलो तर चालेल का?" गुरुवारी चारच्या आधीच जिन्यात पावलं वाजत आणि मग सगळं शांत. माझी बायको दार उघडून म्हणे, "काका, बाहेर काय उभे राहता? या की आत." काका घड्याळावर बोट ठेवून म्हणत, "अजून वेळ व्हायचीय. तुमचं चालू द्या." आत आल्यावर बशीतला शेवटचा लाडू ते कधीच घेत नसत. त्याचा अर्धा करीत, मग त्या अर्ध्याचा अर्धा, आणि मुंगीला पुरेल एवढा तुकडा सन्मानानं मागं ठेवून उठत. शेवटचा घास उचलणं तिकडं असभ्य मानतात म्हणे. शहागंजातल्या एका बेकरीवाल्या चाचांना त्यांनी दालचिनी आणि वेलदोडा घातलेले गोल पाव करायला शिकवलं होतं. पहिले पाव भट्टीतून निघाले तेव्हा चाचांनी वास घेतला आणि गंभीरपणे विचारलं, "साब, ये पाव है की बिर्यानी का मसाला?" पण पाव ते करत राहिले. घेणारं गिऱ्हाईक शहरात एकच होतं, म्हणून स्वतः सायकलवरून पोचवत आणि काकांसमोर बसून कॉफी पिऊन जात.

जूनमध्ये वर्षातला सगळ्यात मोठा दिवस आला की काका गच्चीवर एक उंच बांबू रोवून त्याला आंब्याची पानं आणि झेंडू गुंडाळत. पहिल्या वर्षी अख्खी इमारत जमली. फुलंब्रीहून लेकीकडे आलेल्या एका आजींना तो बांबू म्हणजे मांडवाची मुहूर्तमेढ वाटली.

"लगीन कुनाचं हाय?" त्यांनी विचारलं.

"कुणाचं नाही, आजी. आज मोठा दिवस. म्हणून सगळ्यांनी नाचायचं."

"उन्हाळ्यात दिस मोठाच असतोय की. त्यात काय नाचायचं?"

 काका बेडकासारखे उड्या मारत बांबूभोवती फिरू लागले, कारण तिकडं तसंच नाचतात. थोडा वेळ आम्हीही फिरलो. मग जेवण आलं, आणि ते होतं उकडलेले बटाटे आणि वर भरपूर शेपू. शेपूचा वास येताच निम्मी माणसं देवदर्शनाची आठवण होऊन खाली उतरली. पुढच्या वर्षी चार घरं आली. त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही दोघं आणि चाचा. काकांनी बटाटे मात्र तेवढेच उकडले होते. "येतील," ते म्हणत राहिले, "जरा ऊन उतरलं की येतील." मग पातेलं झाकून त्यांनी बांबूची फुलं एकेक सोडवायला घेतली.

त्या संध्याकाळी ते प्रथमच तिकडच्या दिवसांबद्दल बोलले. पहिल्या हिवाळ्यात शेजारी दाराच्या भिंगातून बघत आणि जिना रिकामा झाला की मगच बाहेर पडत. काका मुद्दाम कचऱ्याची पिशवी घेऊन जिन्यात रेंगाळत, कुणीतरी भेटावं म्हणून. काकूंनी दिवाळीला फराळाची ताटं करून घरोघर दिली. दुसऱ्या दिवशी ताटं लखलखीत घासून दाराशी ठेवलेली, आत आभाराची चिठ्ठी. "रिकामं ताट परत आलं म्हणून ही दिवसभर रडली," काका म्हणाले. "त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत."

नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांनी मला स्कूटरवरून छावणीतल्या ख्रिस्ती कब्रस्तानात न्यायला सांगितलं. तिकडं या दिवसांत आपापल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतात, एवढंच ते बोलले. इथल्या ख्रिस्ती लोकांचाही तोच दिवस निघाला. आत बरीच कुटुंबं आली होती. कुणी थडगी धूत होतं, कुणी शेवंती वाहत होतं. काका एका कडेच्या जुन्या थडग्यांपाशी गेले. नावं झिजलेली, जवळ कुणीही नाही. त्यांनी पिशवीतून मेणबत्त्या काढल्या आणि एकेका थडग्यावर लावू लागले. रखवालदार आला.

"तुमचं कोन हाय हितं?"

"कुणी नाही."

"मग कशाला लावताय?"

काकांनी पिशवीतून पुढची मेणबत्ती काढली.  तेवढ्यात शेजारच्या थडग्यावरून एक बाई उठल्या. साठीच्या असतील, हाताला ओली माती. "राहू दे रे," त्या रखवालदाराला म्हणाल्या, आणि काकांना विचारलं, "तुमचं माणूस कुठं हाय, दादा?"

"स्वीडनला," काका म्हणाले. "आमच्या हिच्या अस्थी तिथं पुरल्यात. वर लहानसा दगड आहे." मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "ते सगळे सण तिचेच. तिथल्या खालच्या मजल्यावरच्या एका म्हातारीकडून तिनं शिकून घेतले, आणि मग तीच सगळ्या जिन्याला जमवायची. मी कोपऱ्यात बसून कंटाळायचो. बेडकासारखा तर कधीच नाचलो नाही."

बाईंनी आपल्या आईच्या थडग्यावरची फुलं एका बाजूला सारली. "तिची इथं लावा. कुणी आलं की आई सरकून जागा द्यायची. आताबी देईल."

काका गुडघ्यांवर बसले. पहिल्या दोन काड्या वाऱ्यानं विझल्या, तिसरी लागली. मेणबत्ती पेटल्यावर त्यांनी ज्योतीभोवती ओंजळ धरली. बाई आणि त्यांची माणसं निघून गेली, रखवालदार फाटकाशी जाऊन बसला.

"पोरगा जाऊन आला असंल का रं तिच्याकडं?" काकांनी विचारलं. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून अशी बोली मी पहिल्यांदाच ऐकली.

"आला असेल की, काका."

मला काहीच माहीत नव्हतं, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी मान हलवली. वारा केव्हाच पडला होता, तरी ओंजळ त्यांनी काढली नाही.