पाहुण्याचे दात

बैलाचे दात बघून वय सांगणं हा माझा धंदा नाही, पण माझं नाव मात्र त्यावरच आहे. जऊळक्याच्या आसपासच्या पाच-सहा गावांत कुणाला बैल घ्यायचा असला की ते मला सोबत नेतात. कारंजाच्या बाजारापर्यंत मी असा कितीदा तरी गेलो असेन. खालचा ओठ ओढायचा, एक नजर टाकायची आणि सांगून मोकळं व्हायचं: दोन दाती, चार दाती, सगळे दात येऊन जुळलेला. विकणारा मग किती का शपथा घेईना, घेणारा माझ्याच तोंडाकडे बघतो. या गोष्टीची मला फार मिजास होती. ती कशी उतरली, ते सांगायला मी बसलो आहे.

आमची मुलगी नागपूरला बँकेत नोकरीला आहे. मागच्या दिवाळीत ती घरी आली ती प्लास्टिकच्या टोपलीत एक गिनीपिग घेऊन. पांढरा-तपकिरी, शेपूट नसलेला, मुठीएवढ्या डोक्याचा प्राणी. मैत्रीण लग्न होऊन गेली, त्याला हिच्या गळ्यात घालून गेली आणि हिच्या घरमालकिणीने जनावर ठेवायला साफ नकार दिला. म्हणून तो आमच्याकडे आला. तिने त्याचं काहीतरी नाव ठेवलं होतं, ते माझ्या जिभेवर बसलं नाही. मी त्याला पाहुणा म्हणू लागलो.

जायच्या आदल्या दिवशी ती विळा घेऊन बांधावर गेली. मारवेलाचं सुकलेलं गवत कापून तिने एक पोतं गच्च भरलं, त्याचं तोंड स्वतःच्या केसांच्या लाल फितीने बांधलं आणि गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवलं.

"बाबा, त्याले हेच टाकजा. दिवसभर समोर गवत पाह्यजे. थोडा हिरवा सांबार देजा. पोळी-बिस्किट काई नोका देऊ."

"अवं, गवत तर बैल खाते," मी म्हणालो. "हा का वखराले जुपाचा हाये?"

ती हसली नाही. "त्याचे दात वाढतच राह्यतात, बाबा. गवतानं घासले जातात. ध्यानात ठेवजा."

दातांची गोष्ट ती मला सांगत होती. मी मान हलवली आणि मनातल्या मनात तिला माफ केलं.

ती गेल्यावर दोन दिवस मी खरंच गोठ्यातल्या पेंढीतलं थोडं गवत त्याच्यापुढे टाकलं. पोतं उघडायचाही कंटाळा केला. तिसऱ्या दिवशी चहा पिताना बिस्किटाचा एक तुकडा त्याच्यापुढे धरला. त्याने तो असा कुरतडून संपवला की मी खूश झालो. मग बिस्किटाचा पुडा वाजला की तो शीळ घालू लागला. घरात मुलगी नाही, बायको आपल्या कामात, आणि हा एवढासा जीव माझी चाहूल लागली की ओरडतो. मला ते आवडलं. गवतासाठी तो कधी ओरडत नसे, म्हणून मी गवत टाकणं सोडलं. सकाळी बिस्किट, दुपारी दुधात भिजवलेली पोळी. सांबार, म्हणजे कोथिंबीर, मात्र रोज देत होतो, तेवढं तिचं ऐकलं.

दर रविवारी फोन यायचा. "गवत खाते ना?"

"खाते. पोटभर खाते."

हे मी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा जरा अडखळलो होतो. पुढे सवय झाली. गोठ्यातल्या त्या पोत्यावर कोंबडीने अंडी घालायची जागा केली होती. फीत जशीच्या तशी होती.

तीन महिन्यांनी त्याची हनुवटी ओली राहू लागली. बायकोच्या लक्षात आधी आलं. "पाहा बरं, हा ताटलीपाशी येते, वास घेते, तोंडात घेते आन् टाकून देते. काहून करून राह्यला असा?"

"लाडावला," मी म्हणालो.

पण तो वाळायला लागला होता. पाठीवरून हात फिरवला की मणके लागत. तेव्हा एका सकाळी ओट्यावर शेजारचे दोघं-तिघं बसले असताना मी त्याला मांडीवर घेतला, बैलाचा ओढतो तसा अंगठ्याने ओठ वर केला आणि बघितलं. वर दोन, खाली दोन, पांढरे, सरळ, धारदार.

"चार दाती," मी जाहीर केलं. "जवान हाये. दाताले काई झालं नाई."

सगळे हसले. एकजण म्हणाला, "आता याले बी बाजारात नेता का काय?" मीही हसलो. त्या दिवशी पाहुणा माझ्या मांडीवर मान टाकून पडला होता, आणि मी लोकांना हसवत होतो. आज ते आठवलं की कान गरम होतात.

बैलाचे मागचे दात कुणी बघत नाही. वय पुढच्यांवर कळतं आणि मागे हात घातला तर बोटं जायची. म्हणून मागेही दाढा असतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. उलट मी माझं ज्ञान आणखी चालवलं. म्हाताऱ्या, दात झिजलेल्या बैलाला आपण सरकीची ढेप भिजवून देतो, मऊ करून देतो. तसं मी पाहुण्याची पोळी आणखी भिजवली, बिस्किटाची लापशी केली. जितकी मऊ केली तितका तो अधिक वाळला. रविवारी फोनवर मी पुन्हा म्हटलं, "खाते."

शेवटी बायकोने मला न विचारता मुलीला फोन केला. मुलगी सुटी काढून दुसऱ्या दिवशी आली. आल्या आल्या तिने पाहुण्याला उचलून घेतलं, हनुवटीखाली बोट लावलं, ओलं बोट ओढणीला पुसलं. मग त्याला आईकडे देऊन पाणी प्यायला म्हणून आत जायच्या ऐवजी गोठ्याकडे गेली. लगेच परत आली. मला वाटलं, वासरू बघायला गेली असेल.

सकाळच्या गाडीने आम्ही दोघं अकोल्याला गेलो. टोपली तिच्या मांडीवर होती. वाटेत मी दोनदा म्हणालो की पुढचे दात चांगले आहेत, मी बघितलेत. तिने फक्त "हो बाबा" म्हटलं.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी पाहुण्याला टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि कानात बघायचं असतं तसं दिव्याचं छोटं नळकांडं त्याच्या तोंडात घातलं. बराच वेळ बघितलं. मग मला जवळ बोलावलं.

"काका, पुढचे दात उत्तम आहेत. पण मागे बघा."

मी डोळा लावला. दोन्ही बाजूंच्या खालच्या दाढा आत वाढून एकमेकींकडे झुकल्या होत्या आणि त्यांच्याखाली जीभ अडकलेली होती. बैलगाडीच्या जुवाखाली मान अडकते तशी. तो घास उचलत होता, पण जीभ हलत नसल्यामुळे गिळू शकत नव्हता. भुकेने ताटलीपाशी यायचा आणि उपाशी परत फिरायचा. मी त्याला लाडावलेला म्हणत होतो.

एक्स-रे काढला. डॉक्टरबाई तो उजेडात धरून म्हणाल्या, "मुळं थोडी लांबलेली दिसतात, पण यावरून पक्कं सांगता येत नाही. खायला काय देत होता? सुकं गवत?"

मुलगी माझ्याकडे बघत नव्हती. ती पाहुण्याच्या कानामागे खाजवत होती.

"हो," मी म्हणालो. "भरपूर."

त्यांनी ते केसपेपरवर लिहिलं. लिहून झाल्यावर पेन ठेवलं आणि त्यांचा आवाज बदलला. "मग अवघड आहे. पोटभर गवत खाऊनही दाढा इतक्या वाढत असतील तर दोष मुळातच आहे. आज घासल्या तरी महिन्याभरात पुन्हा हेच. दर वेळी गुंगी, दर वेळी उपासमार. अशा वेळी त्याला शांतपणे झोपवणं बरं, असं मी सांगेन. तुम्ही दोघं विचार करा."

मला नीट कळलं. मी जे दोन शब्द बोललो त्यावर तो मरणार होता. तोंड उघडून "नाही, पोळी आणि बिस्किट" एवढंच म्हणायचं होतं. बाजारात शंभर माणसांसमोर विकणाऱ्याला खोटं पाडणारा मी, तिथे माझ्या तोंडाला कुलूप लागलं. एक डॉक्टर आणि एक माझी पोरगी, एवढीच माणसं होती. टेबलावरच्या टॉवेलात तो डोळे उघडे ठेवून पडला होता.

"बाबा," मुलगी म्हणाली, "तुमी चहा पिऊन या."

आणि मी गेलो. पळालो म्हटलं तरी चालेल.

फाटकाबाहेर टपरीवर चहा घेतला. चहासोबत टपरीवाल्याने न मागता बिस्किटं ठेवली. ती मी परत सरकवली. मी ठरवलं, जाऊन सांगायचं. वाक्यसुद्धा जुळवलं. पण चहा संपल्यावरही मी तिथेच उभा राहिलो, गरज नसताना दुसरा कप घेतला.

परत गेलो तर टेबल रिकामं होतं. मुलगी बाकावर टोपली घेऊन बसली होती. "गुंगी देऊन दाढा घासून राह्यल्या मॅडम," ती म्हणाली. "म्हणल्या, करून पाहू."

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. पाहुणा वाचणार म्हणून उतरलं असं मला म्हणता आलं असतं. पण आता सांगावं लागणार नाही, म्हणून आधी उतरलं. तो सुस्कारा मला अजून ऐकू येतो.

घरी आल्यावर औषधाच्या वेळा बघायला म्हणून मी पिशवीतला केसपेपर काढला. खाद्य असं छापलं होतं त्यापुढे "सुके गवत, भरपूर" लिहिलेलं होतं, त्यावर आडवी रेघ होती. खाली डॉक्टरांच्याच अक्षरात होतं: "भिजवलेली पोळी, बिस्किट. गवत नाही. वडिलांसमोर बोलू नये."

मी तो कागद घेऊन स्वयंपाकघरात गेलो. "तू सांगतलं पोरीले?"

बायको भाकरी थापत होती. "मले कायले सांगा लागते? बिस्किटाचे पुडे त्या कोनाड्यात हायेत. आन् पोत्याची फीत तिच्याच हातची होती."

पुढचे दहा दिवस मी दळलेल्या गवताचं पातळ पीठ सुई काढलेल्या सिरिंजने त्याला भरवलं. दिवसातून पाच-सहा वेळा, गालाच्या बाजूने, थेंब थेंब. तो नाक फेंदारायचा, माझ्या शर्टावर थुंकायचा. मुलगी चार दिवस होती, ती बघायची आणि माझा हात चुकला की सरळ करायची. कागदाबद्दल ती काही बोलली नाही आणि मीही नाही. अकराव्या दिवशी त्याने स्वतः मारवेलाची एक काडी उचलली आणि ती हळूहळू आत जात नाहीशी झाली. मी बायकोला हाक मारून दाखवली.

आता पोतं त्याच्या टोपलीशेजारी असतं. ते संपलं की मी बांधावर जाऊन दुसरं भरतो. दर महिन्याला मी त्याला तपासायला अकोल्याला नेतो, दाढा अजून जागेवर आहेत.

मुलगी नागपूरला गेल्यापासून एक बदल झाला. पूर्वी रविवारी फोन यायचा, विचारायची आणि माझ्या "खाते"वर तिचं समाधान व्हायचं. आता रोज संध्याकाळी मेसेज येतो: फोटो पाठवा. गवत आणि पाहुणा दोन्ही दिसले पाहिजेत. बैलाच्या वयाला माझा शब्द चालतो, आणि माझ्या घरात फोटो लागतो.

परवा मी फोनवर विचारलं, "रोज फोटो काहून लागते वं?"

"पाहाले बरं वाटते, बाबा," ती म्हणाली. खोटं होतं, आणि मला सांभाळून घ्यायला होतं. तेवढ्यावर ठेवलं असतं तर चाललं असतं. पण अकोल्याच्या टपरीवर जुळवलेलं वाक्य माझ्याकडे तसंच पडून होतं.

"पोतं मी उघडलंच नव्हतं," मी म्हणालो. "डॉक्टरीनबाईपाशी खोटं बोललो. तो मेला असता तरी बोललो नसतो, असं वाटते मले."

तिच्या मागे नागपूरच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते.

"मले माहीत हाये, बाबा," ती म्हणाली.

मी वाट बघत राहिलो. वाटलं, आता ती म्हणेल, जाऊ द्या.

"आजचा फोटो राह्यला," ती म्हणाली. "पाठवजा."

मी पाठवला.