शाळेच्या दगडांची भिंत

काट्यांचं कुंपण चालतं. खोटं वाटत असेल तर आमच्या तामसीकडच्या कुठल्याही खेड्यात येऊन बघा. दर उन्हाळ्यात जुनी काटी मोडते, शेजारी नवी रोवतो, आणि रोवताना ती कधी वीतभर, कधी हातभर आपल्याकडे सरकते. माझ्या परसात ते असंच वर्षानुवर्षं चालत आलं होतं. आधी कढीपत्त्याचं झाड गेलं, मग अंबाडीचा वाफा. आता न्हाणीला येऊन टेकायचंच बाकी होतं.

शेजारी म्हणजे नात्याने माझे लांबचे दीर. बोलायला गुळाची ढेप! "वयनी, कुपाटी मी करून देतो ना, तुमी कायले तरास घेता?" माझे मालक गेल्यावर तर हा गोडवा जास्तच वाढला. गावभर सांगत फिरायचे, घरात माणूस नाही, बाई आज ना उद्या लेकीकडे जाईल, मग ते परस आपल्यालाच पाहावं लागेल. एकदा मी पारावरच त्यांना गाठलं. "भाऊजी, घरात माणूस नाही म्हन्ता, मंग मी काय भूत हाय का?" चारचौघं हसली. भाऊजीही हसले. कुंपण मात्र चालतच राहिलं.

माझी लेक मंचेरियलला नोकरीला असते. तीही फोनवर तेच म्हणायची, "आई, भांडत बसू नको. विकून टाक आणि इकडे ये."

विकून टाक म्हणे! अगं, त्याच परसातल्या मेथी-पालकाच्या जुड्या पहाटेच्या बसमध्ये मांडीवर घेऊन मी आदिलाबादच्या बाजारात बसले, म्हणून तू शिकलीस. लेक गुणाची आहे, जावईही चांगला आहे. पण ते परस गेलं की मी त्यांच्या घरातली बिनकामाची म्हातारी. चहा हवा असला तरी कुणी विचारीपर्यंत थांबायचं. मला ते नको होतं. नको म्हणजे नको. मंडळ ऑफिसात जागा मोजायची दरखास्त दिली, तर सर्वेयर येईल म्हणाले. सर्वेयरची वाट बघत बसले असते तर कुंपण माझ्या चुलीपर्यंत आलं असतं.

त्या साली गावातली जुनी शाळा पाडली. दगडी शाळा होती, तिच्या जागी स्लॅबच्या खोल्या व्हायच्या होत्या. पंचायतीने सांगितलं, दगड ज्याला हवे त्याने न्यावेत, मैदान मोकळं करा. घडीव दगड आधीच लोकांनी उचलले. उरलेसुरले वेडेवाकडे मी बैलगाडी लावून घरी आणले. बाया हसायला लागल्या, "काय वं, समाधी बांधून राह्यली का काय?"

"हो," म्हटलं, "कुपाटीची."

त्याच शाळेत मी पाचवीपर्यंत शिकले. घरी मराठी आणि शाळेत तेलुगू. ती अक्षरं म्हणजे आम्हाला नुसत्या जिलेब्या वाटायच्या. वर्गात आतून दगडांनाच पिवळा चुना फासलेला होता आणि त्यावर निळ्या रंगात एकेक अक्षर काढलेलं होतं. मी बसायचे तिथे डोक्यावर तेलुगूतला पहिला 'अ' होता. ढिगात एका हातभर लांब दगडाच्या टोकाला तोच 'अ' दिसला आणि माझे डोळे भरून आले. भिंत बांधायला बोलावलेला मेस्त्रीही त्या दगडावर खूश झाला. म्हणाला, असे लांब दगड भिंतीत आडवे, आरपार घालायचे, म्हणजे दोन्ही अंगं एकमेकांना धरून राहतात, नाहीतर भिंत पोट फुगून फुटते.

भिंत कुठून घ्यायची याचा मला प्रश्नच नव्हता. सासऱ्यांनी हद्दीचे दोन दगड रोवले होते, ते भाऊजींच्या उकिरड्याखाली गेले होते. मी पदर खोचला आणि उकिरडा उपसला. भाऊजी ओट्यावरून बघत होते, पण शेणात उतरून मला अडवायला काही आले नाहीत. दोन्ही दगड होते तिथेच निघाले. मी एकापासून दुसऱ्यापर्यंत चुन्याची रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेघेच्या बरोबर मध्ये देव!

हो, देव. जमिनीत रोवलेला उभा दगड, त्याला ओला शेंदूर, पुढे नारळ, लिंबू, उदबत्त्या. भाऊजी हात जोडून उभे. "वयनी, म्हसोबा माह्या सपनात आला. म्हने, मी इथंच हाव. आता देवाच्या जागेवर भित कशी बांधान तुमी?"

आमच्याकडे शेंदूर लागला की संपलं. मग त्या दगडाला कुणी हात लावत नाही, ना सरपंच, ना पोलीस. बघता बघता अर्धं गाव जमलं. "वद्दम्मा, वद्दु," नको बाई, नको म्हणत मेस्त्रीने थापी खाली ठेवली आणि तो मागे सरला. त्याचा काय दोष? लेकराबाळांचा माणूस.

मी माझ्या ढिगाकडे पाहिलं. तो लांब दगड तिथे नव्हता.

मला संशय आला, पण खात्री नव्हती. चुकले असते तर पुढे गावात कुणाचं पोर तापलं, कुणाची म्हैस आटली, तरी सगळ्यांनी माझ्याच दाराकडे बोट दाखवलं असतं. मग खरंच मंचेरियलची वाट धरावी लागली असती. मागून कुणीतरी बोललंच, "बिनकुंकवाच्या बाईनं शेंदराले हात लावाव का?" ते ऐकलं आणि माझी भीती कुठल्या कुठे गेली. राग आला, नुसता राग. मी हात जोडले आणि मोठ्याने म्हटलं, "देवा, तू खरा असशील तर मला इथंच आडवी कर. नाहीतर माझ्यासोबत ऊठ." दगडाला मिठी मारली, हलवला आणि सगळा जोर लावून उपटला.

खालच्या टोकाची माती पदराने पुसली. पिवळा चुना. त्यावर निळा 'अ'.

मग पहिल्यांदा मेस्त्रीच हसला आणि पाठोपाठ अख्खं गाव. "भाऊजी," मी म्हटलं, "तुमचा म्हसोबा माह्यासंगं पयलीत होता की!"

भाऊजींचं तोंड शेंदरापेक्षा लाल झालं. ते तो दगड पायाने ढकलायला निघाले, तेवढ्यात त्यांची आई काठी टेकत पुढे आली. बुढी तशी कधी कुणाच्या मध्ये पडत नाही. पण तिने लेकाच्या पायावर काठी हाणली. "खबरदार! कोठचा का असंना, शेंदूर लावला ना तुनं? मंग देव झाला तो. आता दर मंगळवारी नारळ, अमावस्येले तेल. चुकला तं मी घरात पानी नाही पेनार."

मी मेस्त्रीला म्हटलं, हा दगड आपल्याला आरपार घालायचा होता ना? घाल मग, त्याच रेघेवर. शेंदराचं टोक त्यांच्याकडे ठेव आणि अक्षराचं माझ्याकडे. मेस्त्रीने आधी बुढीकडे पाहिलं. बुढीने मान डोलावली. मग त्याने थापी उचलली.

भिंत दिसायला काही सुंदर नाही. आडवेतिडवे दगड, मध्ये चिपा ठोकलेल्या, मातीचं काम. पण हटत नाही. मेथीचा वाफा आता भिंतीला लागून आहे, अंबाडीही परत आली. लेकीला सांगून टाकलं, तूच येत जा इकडे, भाजी न्यायला.

परवा मी निळ्या 'अ'च्या खाली बसून जुड्या बांधत होते. पलीकडे कुणाचा तरी बैल भिंतीला शिंगं घासायला लागला. तर भाऊजी केवढ्याने ओरडत धावले, "हान त्याले! अबे, देवाची भित हाय ते!"

मी अलीकडून ओरडले, "भित माही हाय, भाऊजी! देव तेवढा तुमचा!"