नंदाचं स्थळ आणि माझी बोलकी मडकी

आमच्या घरात आवाजाची कमतरता कधीच नव्हती. आई बोलायला लागली की गल्लीच्या टोकाचा वाणी दुकानातून ‘हो’ म्हणायचा. माझी बहीण नंदा तर शाळेत प्रार्थना सांगायची ती माईकशिवाय! अशा घरात आणखी आवाज आणायचा विचार फक्त माझ्या डोक्यात येऊ शकतो, असं माझी बायको सुलभा आजही म्हणते.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. रत्नागिरीत टीव्ही येऊन फार काळ झाला नव्हता. आमच्याही घरी तो आला होता; पण चित्रापेक्षा त्यात मुंग्याच जास्त दिसायच्या. बातम्या देणाऱ्या बाई मुंग्यांच्या वारुळात बसून बोलतायत असं वाटायचं. मी म्हटलं, चित्राचं आपल्या हातात नाही, निदान आवाज तरी थाटात ऐकू! तशात एका मासिकात वाचलं, की परदेशात लोक खोलीच्या चारही कोपऱ्यांत स्पीकर लावतात आणि घरबसल्या थेटरात बसल्याचं सुख घेतात. झालं! पाटबंधारे खात्यात कारकुनी करणाऱ्या माणसाला दुपारी वेळ भरपूर असतो. (खात्यातल्या कोणी हे वाचलं, तर मी जेवणाच्या सुट्टीबद्दल बोलतोय.) त्या वेळात मी नकाशे काढायला सुरुवात केली.

“माझी एकच अट आहे,” सुलभा म्हणाली. “ती खोकी-बिकी बाहेरच्या खोलीत दिसता कामा नयेत. आणि वायर दिसली की मी ती कपडे वाळत घालायला घेणार.”

म्हणजे यंत्र आटोपशीर हवं, वर देखणंही हवं! मी कुंभाराकडून चार मडकी आणली आणि प्रत्येकाच्या तोंडात एकेक स्पीकर घट्ट बसवला. सुलभानं त्यांना गेरू लावून वर पांढरी वेलबुट्टी काढली. अँप्लिफायर मी स्वतः बांधला. मासिकात बघून, सुटे भाग आणून, तारा सांधायला डाग देताना दोन बोटं भाजून घेऊन. तो बसवला पत्र्याच्या चौकोनी डब्यात, आणि डब्याला दिला काळा रंग. त्याच्या पाठीमागे भोकांची रांग होती. काही स्पीकरची, काही माईकची. कुठलं कशाचं ते मला तोंडपाठ होतं, त्यामुळे खुणा करण्याचा बावळटपणा मी केला नाही.

पुढची दोन मडकी टीव्हीच्या दोन बाजूंना ठेवली. मागची दोन ठेवली आमच्या मधल्या भिंतीवर. ही भिंत बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्या मधली. पक्क्या चिऱ्याची, पण कौलांपर्यंत न गेलेली. वर हातभर जागा मोकळी. मडकी तिथं अशी शोभून दिसली म्हणता, की मी दिवसभर मान वर करूनच फिरत होतो.

आईला मात्र ती आवडेनात.

“अरे, ती मेली माझ्याकडे बघून जांभई देतायत!” ती म्हणाली, आणि मी ऑफिसात गेल्यावर शिडी लावून तिनं दोन्ही मडक्यांची तोंडं स्वयंपाकघराकडे फिरवून ठेवली. मी ती परत फिरवायला गेलो नाही. आवाज कौलांवर आपटून खाली येईल, तो जास्त गोलाई घेऊन येईल, असा शास्त्रीय विचार मी केला. (शिडीवर मला चक्कर येते.)

आता नंदाचं. नंदा शिकलेली, देखणी, कामाला वाघ. पण मनात येईल ते तिच्या तोंडातून त्याच क्षणी बाहेर पडायचं. आधीच्या एका स्थळाला तिनं विचारलं होतं, “तुम्ही प्रत्येक वाक्याआधी आईकडे का बघता?” दुसऱ्याला म्हणाली, “पोहे गिळू नका, चावा.” त्यामुळे देवरूखहून पाहुणे येणार म्हटल्यावर आईनं तिला देवासमोर उभी करून शपथच घातली, “विचारतील तेवढंच बोल. मान खाली. यंदा हे जमलं नाही ना गो, तर मी पदर खोचून गणपतीपुळ्याला जाऊन बसेन!”

“आणि मी वातावरणनिर्मिती करतो,” मी म्हणालो. माझ्याकडे एक खास कॅसेट होती. तिच्यात एक विमान डाव्या कानातून शिरून डोक्यावर घिरट्या घालत उजव्या कानातून निघून जायचं. अशा घरातली मुलगी कोण नाकारील?

सकाळी मी चाचणी घेतली. विमान उत्तम उडालं. पण पाहुणे दारात यायच्या जरा आधी सुलभाला वाटलं, काळ्या डब्यावर क्रोशाचा रुमाल हवा. त्यासाठी तिनं डबा पुढे ओढायला लावला, पिना सुटल्या, आणि बाहेर रिक्षाचा आवाज आला. मी अंदाजानं भराभर पिना खुपसल्या आणि हसत दारात गेलो.

आले तिघेजण. मुलगा श्रीधर, देवरूखजवळच्या हायस्कुलात विज्ञानाचा मास्तर. त्याचे वडील आप्पा. आणि आप्पांची बहीण, आत्याबाई, जिच्या होकाराशिवाय त्या घरात कोकमाचं सरबतही होत नाही असं आम्ही ऐकून होतो. नंदा मान खाली घालून आली, पोहे दिले, विचारलं तेवढं बोलली, आणि आत गेली. आईनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि तीही आत गेली.

“हा कुठला रेडिओ?” आप्पांनी विचारलं.

“रेडिओ नाही, ध्वनियंत्रणा!” मी म्हणालो. “सिंगापूरहून मागवली. माझा मित्र आहे जहाजावर.” (मित्र होता. जहाजही होतं. दोघांचा या डब्याशी संबंध नव्हता, इतकंच.) “डोळे मिटा. आता विमान येईल.”

तिघांनी डोळे मिटले. मी बटण दाबलं. विमान आलं नाही. मडक्यातून कुईंऽऽ असा एक लांबलचक सूर निघाला. मी आवाज थोडा उतरवला. सूर थांबला, पण विमानही नाही.

“गरम व्हायला वेळ लागतो,” मी म्हणालो. “असेच बसा. आलोच!” आणि चहाचं बघायला आत गेलो.

आत तिघी चुलीभोवती कट केल्यासारख्या उभ्या होत्या.

“कसं वाटतंय रे?” आईनं विचारलं.

“आप्पांचं तोंड आहे की धरणाचा दरवाजा?” मी म्हणालो. “आल्यापासून कलमांवरच्या फवारणीवर बोलतोय! आणि आत्याबाईंनी पोह्यांची बशी अशी साफ केलीय, जशा देवरूखहून चालतच आल्यात.”

“हळू बोल रे, बाहेर ऐकू जाईल!”

“आई, भिंत चिऱ्याची आहे. आवाज कुठून कसा जातो ते तू मला शिकवू नकोस. त्याचं एक शास्त्र असतं.”

“दादा, ते सोड,” नंदा म्हणाली. “मुलगा दिसायला कसा आहे? मान खाली घालून मला फक्त त्याचे पाय दिसले. एक मोजा काळा नि एक निळा.”

“बघ! असा वेंधळा काय संसार करणार?”

“मला आवडलं ते,” नंदा म्हणाली. “जो स्वतःच्या मोज्यांकडे बघत नाही, तो आमटीत मीठ कमी पडलं म्हणून कटकट करणार नाही.”

मी चहाची वाट न बघता बाहेर आलो. तिघांचे डोळे आता टक्क उघडे होते. आप्पा, जे आल्यापासून श्वास घ्यायलाही थांबले नव्हते, ते गप्प होते. आत्याबाईंनी दुसऱ्यांदा दिलेली पोह्यांची बशी हातभर लांब सारली होती. श्रीधर माझ्या यंत्राशेजारच्या खुर्चीवर पाय पार मागे ओढून बसला होता. मला वाटलं, यंत्राचा प्रभाव पडला!

“आलं का विमान?” मी विचारलं.

“छान उतरलं,” श्रीधर म्हणाला.

आणि त्याच क्षणी टीव्हीच्या डाव्या बाजूचं मडकं माझ्या बायकोच्या आवाजात म्हणालं, “सिंगापूर म्हणे! आमच्या दिवाळीच्या चकल्यांचा डबा आहे तो. अजून तेलाचा वास येतो.”

उजवं मडकं माझ्या आईच्या आवाजात हसलं.

आप्पा उठले, माझ्या ध्वनियंत्रणेजवळ गेले, वाकले, आणि त्यांनी क्रोशाच्या रुमालाखाली नाक घालून वास घेतला. “चकलीच,” ते आत्याबाईंना म्हणाले.

मी आवाजाच्या बटणाकडे झेपावलो. तिथं आधीच श्रीधरचा हात होता. आणि तो आवाज कमी करत नव्हता. वाढवत होता!

“मागच्या मडक्यांची पिन माईकच्या भोकात गेलीय,” तो कुजबुजला. “स्पीकर तसा जोडला की ऐकायला लागतो. आठवीच्या पोरांना दाखवतो मी हा प्रयोग.”

“मग मघाशीच सांगायचं नाही का हो?”

“तुमच्या बहिणीचं बोलणं मध्येच कसं तोडणार?” तो म्हणाला.

मी आत धावत जाऊन त्यांना थांबवायला हवं होतं. पण तेवढ्यात मडक्यातून नंदा बोलू लागली. तिचा आवाज आता जरा वेगळा होता, खालचा.

“आई, माणूस मला बरा वाटतोय. पण एक विचारायचं राहिलं. मला लग्नानंतर शिकवायचंय. घरात बसवणार असतील तर मला नको, मग तू पुळ्याला जा नाही तर केळशीला. आणि हे मी त्यांना मान वर करून विचारणार.”

आप्पांनी आत्याबाईंकडे बघितलं. आत्याबाईंनी छताकडे बघितलं. श्रीधर उठून उभा राहिला, त्यानं घसा साफ केला आणि भिंतीवरच्या मडक्यांकडे तोंड करून, वर्गात हजेरी घेतात तशा खणखणीत आवाजात म्हणाला, “आमच्याच शाळेत गणिताची जागा रिकामी आहे!”

आत कोणाच्या तरी हातातला डाव खणकन पडला. त्याचा आवाज भिंतीवर आपटून आला तसा टीव्हीजवळच्या दोन्ही मडक्यांतूनही आला. माझ्या यंत्रणेनं खोलीच्या चारही बाजूंनी आवाज काढला तो तेवढाच एकदा.

मग स्वयंपाकघराच्या दारात नंदा दिसली. तिच्या मागे आई, चेहरा चुन्यासारखा पांढरा. “तुम्हाला... ऐकू आलं?” आईनं विचारलं.

“सगळं,” आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी लांब सारलेली बशी परत जवळ ओढली. “आता चालत आलेच आहे, तर यावर जरा खोबरं घाला.”

आप्पा मात्र गंभीर होते. “माझ्या घरी इतकी वर्षं कोणी सांगितलं नाही, की मी फार बोलतो,” ते म्हणाले.

“तुम्ही बोलू दिलंत तर सांगतील ना!” नंदा म्हणाली.

आईनं डोळे मिटले. मीही मिटले. आणि आप्पा असे गदगदून हसले, की मडकी कुईंऽऽ करून ओरडली आणि माझ्या डब्यातून धूर निघाला. श्रीधरनं सगळ्यात आधी प्लग काढला. मी तोवर डब्यावर फुंकर घालत होतो!

लग्न ठरलं. नंदानं श्रीधरकडे मान वर करून बघितलं ते त्या धुरातून.

मांडवात लाऊडस्पीकरवाल्यानं आपलं सामान लावलं तेव्हा मी सहज मदतीला म्हणून त्याच्याकडे गेलो. दोन पावलं टाकली असतील, तोच आईनं माझा दंड धरला आणि मला थेट बोहल्यावर नेऊन उभं केलं. अंतरपाटाचं एक टोक भटजींच्या हातात होतं, दुसरं तिनं माझ्या हातात दिलं. वधूच्या भावाचा केवढा मान, म्हणून माझा ऊर भरून आला! मंगलाष्टकं संपेपर्यंत मी ताठ उभा होतो. नंतर पंगतीत आईनं आत्याबाईंना सांगितलेलं माझ्या कानावर पडलं, “दुसरं काय करणार हो? दोन्ही हात गुंतलेले राहतील असं तेवढं एकच काम होतं.”