रेडा कोण होता

आटपाडीजवळच्या एका गावात मरीआईच्या जत्रेला रेडा कापायचा मान कोंडीबाच्या घराण्याकडे होता. बाप गेल्यावर चौदा वर्षं त्यानं तो चालवला. एका घावात मुंडकं खाली. सत्तावन्न साली महारवाड्यानं बुद्धाचा धम्म घेतला, तेव्हा सगळ्यांनी जुनी कामं टाकली म्हणून त्यानंही हे टाकलं. मनाला काही लागलं नव्हतं.

चौसष्ट सालच्या एका पौर्णिमेला दुपारी नाथाजी विहारात आले. विहार म्हणजे पत्र्याची एक खोली. नाथाजी साताऱ्याकडचे, पलटणीतनं हवालदार म्हणून निवृत्त झालेले; गावोगाव धम्म समजावत फिरायचे. म्हणाले, "कोंडीबा, ह्यो रेडा का कापत्यात ते सांगा की."

कोंडीबानं आईकडून ऐकलेली गोष्ट अगदी रंगवून सांगितली. एका महारानं जात चोरून बामणाच्या पोरीशी लग्न केलं. एक दिवस त्याची आई भेटीला आली. सुनेनं गोडाचं वाढलं, तर म्हातारी लेकाला म्हणाली, "रेड्याच्या जिभंवाणी लागतंय रं." रेड्याचं मांस खाणारी ही जात कोणती, ते सून समजली. तिनं घर पेटवलं, आगीत स्वतः गेली आणि देवी झाली. नवरा पळाला नि रेड्याच्या अंगात शिरून लपला. देवीनं त्याचं मुंडकं उडवलं. तवापासून दरसाल रेडा.

"मग रेडा कोण व्हता?" नाथाजींनी विचारलं.

"महार," कोंडीबा म्हणाला. महाराचं मुंडकं महाराच्याच हातानं, आणि वर त्याला मान म्हणायचं. तो उठून भिंतीआड गेला आणि भडाभडा ओकला.

महिनाभर त्याला घास गोड लागेना. गावाची शिसारी आली, देवीची आली, गोष्ट सांगणाऱ्या आईचीसुद्धा. पुढच्या पौर्णिमेला तो म्हणाला, "असली घाण गोष्ट इसरून जावी."

"गोष्ट रचणाऱ्याची किळस आली, ते बरं झालं," नाथाजी म्हणाले. "आता डोळं मिटून बसा. आणिक काय ढवळतंय ते बघा."

कोंडीबा रोज पहाटे बसू लागला. रक्त दिसेल असं त्याला वाटलं होतं. समोर आला तो गर्दीचा हुंकार, लांबूनच अंगावर फेकलेला मानाचा फेटा, आणि त्यानं ताठ झालेली स्वतःची मान. त्याला स्वतःचीच घाण वाटली.

"मला ते आवडायचं," तो बायकोला म्हणाला.

बनाबाई चुलीपुढून उठली नाही. "ठावं हाय. जत्रंनंतर आठ दिस मला तुमच्या हाताचं भ्या वाटायचं."

"मग बोलली का न्हाईस?"

"आवं, कुणाला बोलू? तुमी तवा ऐकणारं व्हता का?"

त्या साली जत्रेला रेडा कापायला गावानं शेजारच्या गावातून केरूला आणलं. तिथल्या महारवाड्यानं अजून धम्म घेतला नव्हता. कोंडीबा शिव्या द्यायच्या तयारीनं गेला. पण केरूच्या तोंडावरची ऐट त्याला ओळखीची वाटली. त्यानं केरूला बाजूला बसवून गोष्ट सांगितली, रेडा कोण ते सांगितलं, आणि म्हणाला, "मला ह्यात सुख वाटायचं, गड्या. तेची लाज वाटती."

केरूनं ऐकून घेतलं आणि रेडा कापला. तीन घाव लागले. लोक हसले. कोंडीबानं नजर हटवली नाही.

चार दिवसांनी केरू दारात आला. म्हणाला, "तात्या, त्या रेड्यात शिरलेल्याचं नाव काय व्हतं?"

कोंडीबानं खूप आठवून पाहिलं. "कुणी ठेवलंच न्हाई रं," तो म्हणाला, आणि त्याला आत ये म्हणाला.