बाबांना चव सांगताना

दिग्रसच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीत बसले, तेव्हा आईनं खिडकीतून डबा आत दिला. ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा. बाबा म्हणाले, "उघडून दाखव मले." मी झाकण काढलं. आईचा ठेचा नुसता दिसला तरी आमच्या घरात सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं. बाबा बघत राहिले. "काहीच नाही होत वं. कापूस पाह्यल्यासारखं वाटते." गाडी सुटली.

त्याआधी, कपाशीवर बोंडअळी पडली त्या हंगामात, बाबांना फवारणी करताना विषबाधा झाली होती. दवाखान्यातून जिवंत आले, पण नाक गेलं आणि नाकाबरोबर जेवणाची चवही. अर्धी भाकर खाऊन ताट सरकवायचे. सदरा अंगावर लोंबायला लागला होता.

गावात राहिले त्यांना हे नवीन नाही. आमच्यासारखे निघून गेले त्यांना आठवण करून देते. आपल्याकडे फवारणीचं औषध वासावरून पारखतात. बाटली उघडायची, नाक लावायचं. डोळ्यांत पाणी आलं तर माल अस्सल. बाबा यात वस्ताद. शेजारी आपल्या बाटल्या त्यांच्याकडे हुंगायला आणायचे. बोगस माल विकून लोकांना ही सवय कुणी लावली? ते कुणी विचारलं नाही. साहेब लोक येऊन सांगून गेले, शेतकरी अडाणी, मास्क लावत नाही. त्यांनाच लाज वाटायला हवी.

पुण्यात मी ज्या संघटनेची पत्रकं लिहिते, तिथं सभेला एक डॉक्टर बाई आल्या होत्या. त्यांना बाबांचं विचारलं. ताट दिसलं की मेंदूला जुनी चव आठवते आणि तो तोंडाला कामाला लावतो, त्या म्हणाल्या. पण चवीचा मोठा हिस्सा नाकातून येतो. नाक मुकं झालं की मेंदूही ताटाकडे बघणं सोडतो. "रोज आठवण करून देत राहा." खात्री काही दिली नाही.

तेव्हापासून संध्याकाळी बाबा जेवायला बसले की फोन स्पीकरवर. आई सांगते काय केलंय, आणि मी मेसच्या गुळमट पनीरसमोर बसून त्याची चव सांगते. वांगं तेलात कसं फुललंय, वर जवसाची चटणी कशी लागते. ताट तिकडं, पाणी माझ्या तोंडाला. "माह्या वाटचं तूच खाऊन राह्यली," बाबा म्हणायचे. पण घास घ्यायचे.

परवा ठेचा होता. मी सुरू केलं, लसूण खरपूस, शेंगदाणे जाडेभरडे...

"खरपूस कायचा? करपला हाय."

आई म्हणाली, "करपलाच. गाय सुटली, तिच्यामागं गेलती मी. काळा दिसला असंन तुमाले."

"लाइट कुठं हाय वं? अंधारात काय दिसते? जळका लागून राह्यला!"

विष विकणारा अजून दुकानात बसला आहे. त्याच्यावरचं पत्रक मी लिहिणारच. पण त्या संध्याकाळी मेसमध्ये मी ताट तसंच ठेवून फोन कानाला घट्ट धरला. मला सांगायला काही उरलं नव्हतं. तिकडे बाबा आईला करपल्या ठेच्यावरून बोलत होते आणि दुसरी भाकर मागत होते. घर म्हणून मला आता तेवढं ऐकू आलं तरी पुरतं.