शेगडीजवळची जागा

लोणावळ्याच्या फलाटावर नानी आपल्याकडे बघतच नव्हती, ती बोचकी मोजत होती. ती तुझी आई आणि माझी चुलती. माझे आईवडील पाठोपाठ गेल्यावर तिनंच मला वाढवलं, म्हणून ती जशी तुझी नानी तशी माझीही. एका बोचक्यात हुलग्याचं पीठ, दुसऱ्यात नाचणीचं, तिसऱ्यात तांदळाच्या कण्या, आणि लसणीच्या चटणीचा डबा माझ्या मांडीवर. गार्डानं शिट्टी दिली तशी ती खिडकीशी आली आणि तुझ्याशी न बोलता माझ्याशी बोलली. “तू थोरली हाईस. हिला जप. रातच्याला ऊन ऊन खायाचं, गारढोण खाऊन निजायचं न्हाई.” आपल्याला पोचवायला निघालेले तुझे वडील, आबा, डब्यातूनच म्हणाले, “आगं, पोरी पुण्याला चालल्यात, काशीला न्हाई.” तू खळखळून हसलीस, शेवंता. मला हसू आलं नाही. मी तुझ्यापेक्षा आठच महिन्यांनी मोठी, पण त्या क्षणापासून मला तुझा घोर लागला.

खरं तर ट्रेनिंगला जायची होतीस तू. सातवीच्या फायनलला तुझे गुण माझ्या दीडपट. मास्तरांनी आबांना सांगितलं की पोरगी मास्तरीण होईल, तेव्हा आबा म्हणाले की एकटी कशी पाठवू, आणि सोबत म्हणून मला जोडून दिलं. बोर्डिंग भरलं होतं. मग पेठेत एका घराच्या जिन्याखालची खोली मिळाली. तिला एक खिडकी, वर फळ्यांचं छत, भिंती चुन्याच्या. दोन चटया टाकल्या की चालायला वाट उरत नसे.

स्टायपेंडात खानावळ परवडणार नव्हती. सकाळी शिळी भाकरी खाऊन कॉलेजात पळायचं, आणि चूल काय ती संध्याकाळी एकदाच, तीही लोखंडी शेगडीवर. मी पहिल्यांदा कोळसे पेटवले तेव्हा जिन्यावरून कुणीतरी खोकत गेलं होतं. हुलग्याचं पीठ पाण्यात कालवून लसूण-जिऱ्याची बोटभर फोडणी दिली की माडगं तयार. पातळ, तिखट, कानापर्यंत ऊब आणणारं. कधी कण्यांत मूठभर चाकवत, कधी नाचणीची आंबील, आणि वेळ असेल त्या रविवारी शेंगोळे. पोट भरल्यासारखं वाटायचं, पण पुस्तक उघडून तास झाला नाही तोच पुन्हा कुरकुरायचं. तू म्हणायचीस, “आपून हलकं खातो, म्हून डोकं चालतंय.” मी मात्र तुझी मनगटं बघत बसायची.

पावसाळ्यात खिडकी लावून घ्यायला लागलो, आणि तुझं डोकं दुखायला लागलं. सकाळी उठलीस की भोवळ, अन्नावर वासना नाही, मळमळ. दुपारी कॉलेजातून येताना तू चांगली चालायचीस, संध्याकाळी जेवण झालं की पुन्हा मान टाकायचीस. मी म्हटलं, माझ्या हातचं अन्न पुरत नाही. दिवाळीला घरी गेलो तर चार दिवसांत तुझ्या गालांवर रंग आला, आणि नानीनं माझ्याकडे रोखून बघितलं. “पोरीला दूधदुभतं न्हाई तितं,” एवढंच म्हणाली. माझ्या मनात ते पक्कं बसलं.

परत आल्यावर मी चंगच बांधला. माडग्यात पीठ जास्त, आंबिलीत गूळ. थंडी पडली तशी खिडकीला पोतं ठोकलं, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. गावी औंढ्याला आपण हेच करायचो ना? कुडाला गवताचा आडोसा, दार बंद, आणि चुलीतला विस्तव राखेत झाकून तसाच सकाळपर्यंत ठेवलेला. मी जेवण झाल्यावरही शेगडी विझवली नाही. कोळसे फुलते ठेवून तिच्यावर ओले कपडे धरले, दुसऱ्या दिवशीचं पाणी तापवलं, आणि तुझी चटई तिच्या अगदी जवळ ओढली. मी दाराशी निजायची, कारण थोरली मी. उबेची जागा तुझी.

मार्गशीर्षात तू वर्गात चक्कर येऊन पडलीस. वैद्यांनी नाडी बघितली आणि म्हणाले, अशक्तपणा आहे, हलकं आणि गरम द्या, वाऱ्यात नेऊ नका. त्यांना आपली खोली कुणी दाखवली होती? तू मधून मधून खोकायचीस. शेजारच्या बिऱ्हाडातल्या बाई कुजबुजल्या, क्षय तर नसेल? त्या एका शब्दानं माझी झोप उडाली. मी तुझा श्वास ऐकत पडायची, ताटं वेगळी करावीत का याचा विचार करायची आणि त्या विचाराची मलाच लाज वाटायची. शेवटी तुला न सांगता आबांना पत्र टाकलं, ‘शेवंताचं लक्षण ठीक दिसत नाही. येऊन घेऊन जा.’

आबा तिसऱ्या दिवशी आले. तू रडली नाहीस, चिडलीस. “सहामाही दोन आठवड्यांवर आलीय, आन तू हे लिवलंस?” मग तुझ्या वह्या तू माझ्या ट्रंकेत ठेवल्यास आणि म्हणालीस, “राहू दे हितंच. मी संक्रांतीनंतर येनारच हाय.” त्या वह्या अजून माझ्याकडे आहेत.

घरी आठ दिवसांत तू ठणठणीत झालीस. आबांनी ठरवून टाकलं की पोरीला शहर मानवत नाही, आणि माघातच पलीकडच्या आळीत तुझी सुपारी फुटली.

माझंही डोकं दुखायचंच, थोडं कमी. मला वाटे, एकटेपणानं. फाल्गुनात आमच्या बाईंनी आरोग्याचा धडा घेतला, हवा आणि खोल्या. त्यांनी सांगितलं, बंद खोलीत कोळसा जळत ठेवला तर विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो, रंग नसतो. मग त्यांनी लक्षणं फळ्यावर लिहिली. डोकं जड, मळमळ, भोवळ, बाहेर मोकळ्यावर गेलं की आराम. मी ती वहीत उतरवून घेत होते आणि प्रत्येक ओळीला तुझा चेहरा डोळ्यांपुढे येत होता. औंढ्याच्या घराला कौलं होती, शेवंता. कौलांच्या हजार फटींतून सगळं निघून जायचं. पेठेतल्या त्या फळ्यांतून नखाएवढंही जात नव्हतं. त्या दिवशी घरी येऊन मी पोतं फाडून काढलं, आणि चार दिवसांत माझं डोकं हलकं झालं.

तुझ्या लग्नाला मी सांगायचं ठरवूनच आले होते. तेव्हा अजून सांगता आलं असतं, हळद लागायची होती. ओसरीवर पाहुणे बसले होते आणि नानीनं सगळ्यांदेखत मला पोटाशी धरलं. “हिनं येळंवर लिवलं म्हून माझी पोर वाचली. न्हाईतर हातची गेली असती.” मी गप्प राहिले. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की लग्नघरात विघ्न नको म्हणून गप्प राहिले. ते खोटं आहे. मला भीती वाटली की खरं कळलं तर आबा म्हणतील, दोघींनाही शहर कळत नाही, आणि मलाही परत बोलावतील. तुझं ट्रेनिंग गेलं होतं, माझं मला हवं होतं.

मग लढाई आली, रेशन आलं. आता मी शाळेत हेडबाई आहे, दोन खिडक्यांची खोली, स्टो, टाइमटेबल. आरोग्याचा तो धडा दर वर्षी मीच घेते आणि दर वर्षी खडू हातात धरून थोडी थांबते. मुलींना वाटतं, बाई आठवतायत.

सुट्टीत औंढ्याला आले की माझ्यासाठी पहिलं ताट वाढलं जातं. नानी आता थकली, पण ती गोष्ट नव्या सुनांना सांगते. तुझे दोन्ही हात मातीनं, शेणानं भरलेले असतात आणि तू तशीच हसत बांधावरून येतेस. मी जेवते. लोक गावाला घर म्हणतात. मी म्हणायला जाते आणि वाटतं, मी या घरात चोरून बसले आहे.

परवा तुझं पत्र आलं. सुमन चौथी पास झाली, गावात पुढची शाळा नाही. तू लिहिलंस, ‘तू मला वाचवलंस, आता माझ्या पोरीला शिकव. तुझ्याकडे असली की मला घोर नाही.’ शेवंता, तू आजारी नव्हतीस. तुला बाधली ती मी बंद खोलीत पेटती ठेवलेली शेगडी. हे आधी वाच, नानीला वाचून दाखव, मग सुमनचं ठरव. पाठवलीस तर मी पुणे स्टेशनावर उभी असेन. नाही पाठवलीस तरी मे महिन्यात मी औंढ्याला येईन आणि तुझ्या उंबऱ्याबाहेर थांबेन. आत ये म्हणायचं की नाही, ते तू ठरव.