डाळिंबांना बांधलेली लुगडी

परवा देवपूरच्या बाजारातून आणलेलं डाळिंब फोडलं, तर आतले दाणे पांढरेफटक निघाले. सून म्हणाली, "टाकून द्या." माझ्याने टाकवेना.

स्वातंत्र्याच्या कितीतरी आधी, शिरपूरला आमच्या परसात डाळिंबाचं झाड होतं. माझी थोरली बहीण, अक्का, विधवा होऊन माहेरी परतली तेव्हा तिनेच ते लावलं. पाऊस झाला नाही त्या वर्षी भांडी विसळलेलं पाणी घालून तिने ते जगवलं, आणि नेमकं तेव्हाच ते पहिल्यांदा फळलं. सातपुड्यातली वानरं भुकेने गावात उतरू लागली होती. म्हणून अक्काने पेटीतली आपली रंगीत लुगडी फाडून एकेक फळ बांधून ठेवलं. नाहीतरी ती तिला आता नेसायची नव्हतीच.

वानरं आली ती शनिवारी सकाळी. अक्काने दगड उचलला. मारुतीला तेल घालून नुकतेच परतलेले आमचे वडील, नाना, ओट्यावरून म्हणाले, "आज मारुतीना वार शे, पोरी. दगड खाले ठेव. त्यासले बी पोट शे."

"आन् माले काय शे, नाना?"

अक्काने दगड खाली ठेवला.

वानरांनी चिंध्या ओरबाडल्या, एकेक फळ चावलं आणि थुंकून टाकलं. इतकी कच्ची, तुरट फळं त्यांनाही खाववेनात. फासळ्या दिसणारी ती वानरं उपाशीच निघून गेली.

तेव्हा मी डाळिंबांसाठी रडत होतो. आज डोळ्यांपुढून हलत नाही ती चिंध्या वेचणारी अक्का. एक हिरवी चिंधी तिने गुडघ्यावर ठेवून तळहाताने सरळ केली, पुन्हा केली. तेवढ्याशा कापडाची घडी काही होईना.